काळा कोट आणि कर्जाचा हप्ता

सीमाभागातल्या मराठी माणसाइतका 'सुप्रीम कोर्ट' हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरणारा दुसरा समाज देशात क्वचितच सापडेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. २००४ साली महाराष्ट्र शासनाने घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हापासून ८६५ गावांच्या पारावर 'पुढची तारीख कधी?' हा प्रश्न पाऊसपाण्याच्या चौकशीइतका नेहमीचा झाला आहे. दिल्लीत आपल्या बाजूने कोणते नामवंत वकील उभे राहणार, याची उजळणी घराघरांत होते. ते योग्यच आहे. परंतु त्याच घरात तलाठ्याकडून आलेला कन्नड कागद कपाटावर तसाच पडून असतो आणि हरकतीची मुदत टळून गेल्यावर तो कुणाला तरी वाचायला दाखवला जातो, हे मात्र आपण बोलत नाही.

बारावी झालेली काही मुलेमुली आता कायद्याच्या शिक्षणाकडे वळताना दिसतात, ही म्हणूनच आनंदाची गोष्ट आहे. त्यांतल्या काहींना चांगली नोकरी हवी असते, आणि त्यात वावगे काहीच नाही. पण काहीजण स्पष्ट सांगतात, की आम्हाला आपल्या माणसांसाठी वकिली करायची आहे. भाषेचा प्रश्न, जमिनीचा प्रश्न, शाळेचा प्रश्न हाती घ्यायचा आहे. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. त्यांच्यापुढचा पेच ठरलेला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयासारख्या नामवंत संस्थेसाठी धडपड करायची, प्रवेश मिळाला तर कर्ज काढायचे, की बेळगावातल्याच विधी महाविद्यालयात शिकायचे? आपल्या माणसांसाठी वकिली करायची असेल तर संस्थेच्या नावापेक्षा डोक्यावरच्या कर्जाकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे. ते सर्वांना पटेल असे नाही. म्हणून कारणे मांडतो.

प्रथम नामवंत संस्थेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे होता कामा नये. बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल १९८७ साली स्थापन झाले. एन. आर. माधव मेनन हे त्याचे संस्थापक संचालक. पाच वर्षांचा सलग, निवासी अभ्यासक्रम, संशोधनाची शिस्त, अभिरूप न्यायालये, देशभरातून आलेले सहाध्यायी, हे सारे तेथे आहे आणि ते खरे मोलाचे आहे. तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला दिल्लीतल्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयाचे दार लवकर उघडते. परदेशी शिष्यवृत्ती मिळवतानाही संस्थेचे नाव उपयोगी पडते. घटनेच्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयात उभे राहायचे असेल, तर या ओळखीपाळखी आणि ही तालीम कामाला येते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. मेनन यांच्या डोळ्यांसमोर समाजासाठी झटणारा, गरिबाच्या दारी जाणारा वकील होता. प्रत्यक्षात या संस्थांचे पुष्कळसे पदवीधर मोठ्या व्यापारी विधी-संस्थांत आणि कंपन्यांत गेले, ही गोष्ट जगजाहीर आहे आणि विधी शिक्षणातल्या जाणकारांनी ती वारंवार बोलून दाखवली आहे. यावर मुलांना पैशाचे लोभी म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण वीस-बावीस वर्षांचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात पदवीबरोबर बँकेचे हप्त्यांचे वेळापत्रकही असते, हे आपण लक्षात घेतो का?

हिशोब मांडून पाहू. नामवंत विधी विद्यापीठात शुल्क, वसतिगृह, खाणावळ धरून वर्षाला तीन-चार लाख रुपये सहज लागतात. म्हणजे पाच वर्षांचे पंधरा ते वीस लाख. काही खासगी विद्यापीठांत तर याहूनही पुष्कळ अधिक. समजा, घरातून थोडेफार घातले आणि पंधरा लाखांचे कर्ज काढले. दहा टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीने त्याचा हप्ता महिना सुमारे १९,८०० रुपये येतो. शिक्षणाच्या काळात साठलेले व्याज मुद्दलात मिळवले तर त्याहूनही जास्त. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली, की नव्या वकिलाला ज्येष्ठ वकिलाने शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी विद्यावेतन द्यावे. ही नुसती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी किती ज्युनिअर वकिलांच्या हाती एवढी रक्कम पडते ते ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या वकिलांना विचारावे. पण पूर्ण पंधरा हजार मिळाले असे धरले, तरी हप्ता त्याहून पाच हजारांनी मोठा! जेवायचे काय, स्टँडवरून कोर्टात जायचे कशाने, हा प्रश्न अजून आलेलाच नाही.

अशा मुलाने खानापूरच्या कोर्टात बसून विधवा बाईच्या वाटणीचा दावा चालवावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो मुंबईला, बंगळूरला कंपनीच्या कामाला जाणार. 'चार-पाच वर्षे कर्ज फेडतो आणि मग परत येतो' असे म्हणणार. म्हणताना तो खोटे बोलत नसतो. पण चार-पाच वर्षांत घर, लग्न, मुलांची शाळा असे सारे तिकडेच रुजते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेकडे काहीजण बोट दाखवतील. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलत, अशी ती योजना आहे. चांगली आहे. तिने व्याज हलके होते. मुद्दल मात्र जिथल्या तिथे राहते.

याउलट बेळगावात राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे. के.एल.ई. संस्थेचे बी. व्ही. बेल्लद विधी महाविद्यालय आहे. दोन्ही आता हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो, आणि घरून डबा घेऊन जाता येते. येथला पूर्ण खर्च बंगळूरच्या एका वर्षाच्या खर्चातही कदाचित भागेल. 'इथं शिकून काय होणार?' असा सूर लावणाऱ्यांनी एक नाव ध्यानात ठेवावे. १९८९ साली भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या हे याच राजा लखमगौडा महाविद्यालयाचे विद्यार्थी. तो काळ वेगळा होता, हे मान्य. या महाविद्यालयांत आज सारे आलबेल आहे, असेही मी म्हणत नाही. ग्रंथालयात बसण्याची, निकालपत्रे मुळातून वाचण्याची, इंग्रजी घासूनपुसून घेण्याची जबाबदारी येथे विद्यार्थ्यावर पडते, आणि ती टाळणारा विद्यार्थी पदवी घेऊनही कोराच राहतो.

पदवीच्या नावाचा मोह आपल्याला जुनाच आहे. पूर्वी 'बॅरिस्टर' म्हटले की माणसे उठून उभी राहत. बॅ. नाथ पै लंडनहून बॅरिस्टर होऊन आले हे खरे. पण सीमाभाग त्यांची आठवण काढतो ती त्या दोन अक्षरांसाठी नव्हे. सीमाबांधवांच्या बाजूने ते उभे राहिले, आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यांनी अखेरचा श्वासही बेळगावातच घेतला, म्हणून.

आता जो मुद्दा अनेकांना कडू लागेल तो मांडतो. सीमाभागातल्या मराठी वकिलाला उत्तम कन्नड आले पाहिजे. कामापुरते, बाजारातले नव्हे. दावा लिहिता येईल, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येईल, महसूल खात्याचा आदेश ओळीन् ओळ वाचता येईल असे कन्नड. येथल्या कनिष्ठ न्यायालयांचा कारभार कन्नडमध्ये चालतो, इंग्रजीही चालते. मराठी चालत नाही. जमिनीचा उतारा कन्नड, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नड, पोलिसांची फिर्याद कन्नड. उलट घरातल्या पत्र्याच्या पेटीतली आजोबांची खतपत्रे मराठीत, काही तर मोडीत! ज्याला यांतले एकच टोक वाचता येते तो वकील आपल्या पक्षकाराची निम्मीच बाजू पाहू शकतो. कन्नड शिकणे म्हणजे हार पत्करणे, ही समजूत आपण मुलांच्या मनातून काढून टाकली पाहिजे. मराठीचा हक्क मागणारा अर्ज फेटाळला गेला तर तो का फेटाळला, हे ज्या भाषेत लिहिलेले असते ती वाचता आली नाही, तर अपील कशाचे करणार?

आणि हक्क नाहीत असे नाही. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतो, असे घटनेचे ३५० वे कलम सांगते. ३५० (अ) कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्यास राज्याला सांगते. ३५० (ब) खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमलेला असतो. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, अशी संरक्षणे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली आहेत. भाषणांत ही कलमे आपण नेहमी ऐकतो. पण कोणत्या ग्रामपंचायतीने कोणत्या तारखेला कोणती सूचना केवळ कन्नडमध्ये काढली, तेथे मराठी भाषिक किती टक्के, अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे, उत्तर काय आले, हे कागद क्रमाने लावून ठेवणारा माणूस गावोगाव कुठे आहे? असे कागद नसतील तर दिल्लीतला सर्वात मोठा वकीलही बोलणार तरी कशाच्या आधारावर?

६ मे २०१४ चा घटनापीठाचा निकाल पाहा. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीचे करता येणार नाही, माध्यमाची निवड पालकांची, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात ठरवले. सीमाभागातल्या प्रत्येक शाळेला स्पर्श करणारा हा निकाल. पण तो दावा चालवला होता इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या चालकांनी, आणि त्याचा लाभही मुख्यतः त्यांनाच झाला. मराठी शाळांची बाजू तीच नव्हती. ती वेगळी मांडणारी माणसे आपल्याला हवी आहेत, आणि अशी माणसे एका दिवसात तयार होत नाहीत.

उच्च न्यायालयाचे अंतरही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. एके काळी रिट अर्ज करायचा तर बंगळूरची रात्रभराची गाडी पकडावी लागे. २००८ पासून धारवाडला खंडपीठ बसू लागले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. सकाळी बेळगावहून निघालेला वकील काम उरकून संध्याकाळी घरी येतो. तिकडे ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. वकिली कायद्याचे ३० वे कलम २०११ पासून अमलात आल्याने एका राज्यात सनद घेतलेल्या वकिलाला देशात कोठेही काम चालवता येते. म्हणजे निपाणीत राहणाऱ्या तरुण वकिलाला धारवाड आणि कोल्हापूर अशी दोन्ही दारे मोकळी आहेत. सनदेचा खर्चही आवाक्यात आला आहे. पूर्वी अनेक राज्यांत नोंदणीलाच दहा-पंधरा हजार आणि त्याहून जास्त मोजावे लागत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे बजावले.

मग बंगळूरला कुणी जाऊच नये का? तसे मुळीच नाही. ज्याला कर्जाशिवाय किंवा अगदी थोड्या कर्जात जाता येते त्याने अवश्य जावे, आणि त्यासाठी अकरावीपासूनच तयारीला लागावे. या विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, क्लॅट, २००८ पासून होते आणि ती इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला येथे पहिली ठेच लागते. नुसता अर्ज करायला चार हजार रुपये, शिकवण्यांचा खर्च वेगळा. पण एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२१ पासून २५ टक्के जागा कर्नाटकातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या आहेत, आणि कर्नाटकातला विद्यार्थी म्हणजे ज्याने किमान दहा वर्षे या राज्यातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांत शिक्षण घेतले तो. त्याची मातृभाषा कोणती हे त्यात विचारलेले नाही. येळ्ळूरच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी त्यात बसते. आपण ज्या राज्यात राहण्याविरुद्ध लढतो त्याच राज्याच्या वाट्यातून जागा घ्यायची का, असा प्रश्न कुणी कपाळाला आठ्या घालून विचारील. मी म्हणतो, घ्यावी. कर आपण याच राज्यात भरतो.

गरीब घरच्या हुशार मुलांना या परीक्षेसाठी तयार करणारी आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून देणारी 'इडिया' ही संस्था शामनाद बशीर या प्राध्यापकांनी २०१० साली सुरू केली. ते २०१९ मध्ये गेले, पण काम सुरू आहे. आपल्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करायला काय हरकत आहे? विद्यापीठांची स्वतःची आर्थिक मदतही असते. ती प्रवेश घेण्याआधी विचारावी, घेतल्यावर नव्हे. महाराष्ट्रातही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी उमेदवारांसाठी वेगळी तरतूद केलेली असते. कोल्हापूर-पुण्याकडे पाहणाऱ्यांनी त्या वर्षीची माहितीपुस्तिका मागवून आपण त्यात बसतो का ते स्वतः वाचावे. गावातल्या माहीतगारावर विसंबू नये.

आणखी एक. खर्चाचा हा सगळा हिशोब मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकच असला पाहिजे. 'कर्ज नको, जवळच शिक' हे वाक्य आपल्याकडे मुलीला चटकन सांगितले जाते आणि मुलासाठी शेत गहाण पडते. त्या घराने हा लेख पुढे करू नये. उलट गावपातळीवर मराठी बोलणाऱ्या स्त्री वकिलाची गरज सर्वात मोठी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पण नवऱ्याच्या मारहाणीची हकिगत परक्या भाषेत, परक्या पुरुषापुढे, दुभाष्यामार्फत सांगायची वेळ आली की बाई अर्धे सांगते आणि अर्धे गिळते. तेथे तालुक्याच्याच कॉलेजात शिकलेली, तिची बोली समजणारी वकीलबाई समोर असली तर ती हकिगत पुरती कागदावर उतरते.

कोर्टाच्या आवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वकिलाची पदवी कोणत्या संस्थेची हे ठाऊक नसते. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून झगडणाऱ्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अशा माणसाचे प्रश्न साधे असतात: 'वकीलसाहेब तारखेला येतात का वो? फोन उचलतात का? कागद वाचून सांगतात का?'

शेवटी पैशाची गोष्ट समाजाने आपल्याकडेही घ्यायला हवी. मुलांनी त्याग करावा, असे व्यासपीठावरून सांगणे फुकट असते. दोन तरुण वकिलांना महिना पंधरा हजारप्रमाणे तीन वर्षे आधार द्यायचा तर एकूण दहा लाख ऐंशी हजार रुपये लागतात. सीमाभागात मराठी माणसांच्या पतसंस्था आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, गुणवंतांना शाल-श्रीफळ देणाऱ्या संघटना आहेत. पाच-सहा पतसंस्थांनी दरवर्षीच्या नफ्यातून थोडा वाटा उचलला, तरी ही रक्कम उभी राहते. ती कर्ज म्हणून देऊ नये. वेतन म्हणून द्यावी, आणि लेखी अटीवर द्यावी. आठवड्यातला एक दिवस त्या वकिलाने ठरलेल्या गावात, शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओसरीवर बसून येईल त्याचा कन्नड कागद वाचून द्यावा, त्याचा अर्थ मराठीत सांगावा आणि उत्तराची मुदत वहीत लिहून घ्यावी. हिशोब दर सहा महिन्यांनी सभेपुढे यावा. निवड करताना मुलाखत कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत घ्यावी, आणि पदवी कोणत्या कॉलेजची हा रकाना अर्जात ठेवूच नये.